निगेटिव्ह रद्दीत टाकू नका!

दिवाळीची साफसफाई निघाली की पहिली कुऱ्हाड पडते ती जुन्या निगेटिव्हवर. ‘फोटो आहेत ना अल्बममध्ये, मग या काळ्या पट्ट्या कशाला?’ असं म्हणत पाकिटंच्या पाकिटं रद्दीत जातात. मला हे अजिबात पटत नाही.

अल्बममधला फोटो ही शेवटी निगेटिव्हची नक्कल. जुन्या १२० फिल्मवर ६ बाय ६ सेंटिमीटरची चौकोनी चौकट यायची, कागद मात्र बहुतेकदा आयताकृती. मग कडा कापल्या जायच्या. आणि कडेला कोण असायचं हो? पंगत वाढून, हात पुसत येऊन उभी राहिलेली काकू, नाहीतर विधवा म्हणून मागे सरकलेली आत्या! अल्बममध्ये त्या नाहीत. निगेटिव्हमध्ये कदाचित असतील.

हे काम घरीही होतं. फक्त कागदपत्रांचा साधा स्कॅनर चालत नाही. फिल्मसाठी झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर लागतो. एकटीला महाग वाटला, तर भिशीतल्या मैत्रिणींनी मिळून घ्यावा. काम संपलं की तो पुढच्या घरी जाईल.

मशीन घेतलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. चांगलं-वाईट ठरतं ते आपल्या हातानेच. वळलेली पट्टी आधी स्वच्छ कागदात घालून जाड पुस्तकाखाली काही दिवस ठेवावी. धरायची ती कडेनेच. पदराने पुसायची सवय इथे नको, चरे पडतात. रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी. काचही लख्ख हवी. फिल्म थेट काचेवर टेकली तर चित्रात इंद्रधनुषी वलयं उमटतात, म्हणून ती होल्डरमध्येच बसवावी. फोटो पुसट आला तर होल्डरची उंची थोडी कमी-जास्त करून एकच चौकट दोन-तीनदा स्कॅन करून पाहावी. फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला भुलू नका. घरगुती फ्लॅटबेड प्रत्यक्षात तेवढा तपशील टिपत नाही, फाइल तेवढी फुगते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला २४०० पुरे. पोस्टकार्डाच्या दुप्पट प्रिंटही त्यातून छान निघते. धूळ काढणारी इन्फ्रारेडची सोय रंगीत निगेटिव्हला वापरावी. जुन्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे तिथे ती बंदच ठेवावी. मूळ फाइल टिफमध्ये जपावी आणि नातेवाइकांना पाठवायला जेपीईजी करावी.

डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर मात्र अजिबात थांबू नका. फिल्म सडू लागल्याची ती खूण. आपल्या दमट हवेत ते वेगाने होतं. त्या पट्ट्या वेगळ्या काढून आधी स्कॅन करा.

आणि एक काम मशीन करू शकत नाही. पडद्यावर चित्र उमटलं की सासूबाईंना, आईला शेजारी बसवा. ‘ही कोण?’ विचारा आणि नाव तिथेच लिहून ठेवा. लग्नानंतर सासरी नाव बदललेल्या बाईचं माहेरचं नाव अनेकदा फक्त त्यांनाच आठवत असतं. चित्र वाचलं आणि नाव हरवलं, तर ती बाई पुन्हा कडेलाच राहिली म्हणायची!