गाडीसाठी वेगळं 'जीपीएस' घ्यावं का, की हातातला फोनच पुरे? स्वस्तात नेव्हिगेशन हवं असेल तर काय पाहायचं

जानेवारी २०२१. पुण्याहून तिघं जण कळसूबाईच्या ट्रेकला निघाले होते. रात्रीची वेळ, रस्ता अनोळखी, मोबाईलवर नकाशा सुरू. अकोले तालुक्यात नकाशाने जवळचा म्हणून जो रस्ता दाखवला, त्यावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. गाडी थेट पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले, चालवणारा वाचला नाही. हा पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे आसपासच्या गावांना ठाऊक होतं. फोनला ठाऊक नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला असाच प्रकार झाला. पुलावरून जायचं सोडून गाडी पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि जेट्टीवरून खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी धाव घेतल्याने चालक महिला वाचली.

अशी बातमी आली की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास दिसतो. फोनच्या भरवशावर राहण्यापेक्षा गाडीसाठी वेगळं जीपीएस घेतलं तर? आणि घ्यायचं तर परवडणारं कोणतं?

आधी दुकानात 'जीपीएस' म्हणजे काय मिळतं ते बघू

इथेच पहिली फसगत होते. ऑनलाइन 'कार जीपीएस' असं शोधलं की सगळ्यात स्वस्त म्हणून जी काळी डबी समोर येते, ती रस्ता दाखवतच नाही. तो ट्रॅकर असतो. गाडी कुठे आहे हे तो मालकाच्या मोबाईलवर कळवतो. त्याला स्क्रीन नसते, आत सिमकार्ड असतं आणि पहिलं वर्ष सरलं की बहुतेक कंपन्या वार्षिक पैसे मागतात. गाडी चोरीला जाऊ नये किंवा ड्रायव्हर कुठे फिरतोय ते कळावं, यासाठी ही वस्तू ठीक. रस्ता शोधायला तिचा उपयोग शून्य.

दुसरी वस्तू म्हणजे काचेला चिकटवायचं स्वतंत्र नेव्हिगेशन यंत्र. गार्मिन आणि टॉमटॉम ही त्यातली जगभर ठाऊक असलेली नावं. युरोप-अमेरिकेत दीड दशकापूर्वी घरोघरी हे यंत्र होतं. भारतात मॅपमायइंडियाने अशी यंत्रं विकली, पण स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा आल्यावर हा बाजार जवळपास आटला. आज तिकडच्या नातेवाइकाने जुनं यंत्र भेट दिलं, तर त्यात भारताचा नकाशा आहे का हे आधी तपासावं लागतं. नकाशा वेगळा विकत घ्यावा लागला तर 'फुकटचं' यंत्र महागात पडतं.

तिसरी वस्तू म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवायचा अँड्रॉइड स्टिरिओ. सध्या सगळ्यात जास्त खपतो तो हाच. त्याच्याकडे पुढे येऊच.

उपग्रहाला नेट लागत नाही

'वेगळं यंत्र हवं, कारण घाटात रेंज जाते' हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटरवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. फोन फक्त ते ऐकतो, उलट काहीही पाठवत नाही. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कुठे आहोत याचं गणित फोनमधली चिपच करते. त्यासाठी सिम लागत नाही, डेटाही लागत नाही. नेट असेल तर ही जागा पटकन सापडते. नसेल तर सुरुवातीला थोडं थांबावं लागतं, इतकंच.

मग ताम्हिणीत रेंज गेल्यावर स्क्रीन कोरी का होते? कारण गायब झालेला असतो नकाशा, जागा नव्हे. फोन नकाशाचे तुकडे नेटवरून आणत असतो. स्वतंत्र यंत्रात पूर्ण नकाशा आधीच भरलेला असतो, त्याची खरी जमेची बाजू हीच. पण हे काम फोनवरही फुकटात होतं. गुगल मॅप्समध्ये घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो. ऑर्गॅनिक मॅप्ससारखं ॲप तर चालतंच पूर्ण ऑफलाइन. त्यात स्वयंसेवकांनी तयार केलेला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा असतो आणि जाहिराती नसतात. आडगावातले पत्ते मात्र त्यात कमी सापडतात.

नेट नसताना एक गोष्ट नक्की हातची जाते, ती म्हणजे पुढच्या ट्रॅफिकची खबर. पण नेटशिवायच्या स्वतंत्र यंत्रातही ती नसतेच.

आणि बोगद्यात सगळेच सारखे आंधळे. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात आकाशच दिसत नाही, तर उपग्रह कुठून दिसणार? फरक पडतो तो कंपनीने बसवून दिलेल्या काही नेव्हिगेशनमध्ये. ते चाकांच्या वेगावरून आणि वळणांवरून अंदाज बांधत पुढे सरकतं.

यंत्राची किंमत एकदा, नकाशाची दरवर्षी

समजा, २०२१ मध्ये कुणी एक यंत्र घेतलं आणि नंतर त्याचा नकाशा कधीच अपडेट केला नाही. आज शिवडीहून अटल सेतूवर चढलं की त्या यंत्राच्या हिशेबाने गाडी समुद्रात चालली आहे. हा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. समृद्धीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ चा, शेवटचा जून २०२५ चा. मुंबईचा कोस्टल रोडही २०२४ चा. महाराष्ट्रात तीन-चार वर्षांत रस्त्यांचा चेहरामोहरा इतका बदलला आहे की यंत्र कितीही भारी असलं तरी जुन्या नकाशासकट ते शोभेचंच.

म्हणून विकत घेताना स्क्रीन किती इंची आहे यापेक्षा नकाशा किती वर्षं आणि कितीला अपडेट होणार, हे विचारायला हवं. 'लाइफटाइम मॅप्स' लिहिलं असेल तर लाइफटाइम कुणाचं, हेही विचारा. २०१८ मध्ये टॉमटॉमने आपल्या काही जुन्या मॉडेल्सना यापुढे नकाशे मिळणार नाहीत असं जाहीर केलं, तेव्हा युरोपात ग्राहक भडकले होते. त्यांच्याकडे 'लाइफटाइम' लिहिलेली यंत्रं होती. कंपनीच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ होता यंत्राचं उपयुक्त आयुष्य. ते कधी संपलं हे ठरवणारी कंपनीच.

अँड्रॉइड स्टिरिओचं काय?

साध्या कंपन्यांचे स्टिरिओ काही हजारांत मिळतात. मोठी स्क्रीन, गाणी, रिव्हर्स कॅमेरा, सगळं एकात. जुन्या वॅगनआर किंवा स्विफ्टला हा बदल मोहात पाडणारा असतो यात शंका नाही.

पण नेव्हिगेशनसाठी म्हणून घेणार असाल तर एक बारकावा आहे. काही स्टिरिओ स्वतःच नकाशा चालवतात. त्यांना फोनच्या हॉटस्पॉटवरून नेट द्यावं लागतं, आतलं हार्डवेअर कमजोर असेल तर वळण मागे गेल्यावर ते 'उजवीकडे वळा' म्हणतात, आणि दोन वर्षांनी त्यांचं सॉफ्टवेअर कुणी विचारत नाही. दुसरे अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेने फोनच्या ॲपचं चित्र मोठ्या पडद्यावर दाखवतात. डोकं फोनचं, डोळे गाडीचे. फोन बदलला की नेव्हिगेशन आपोआप नवं होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर या दुसऱ्या प्रकारावर केलेले बरे.

बसवताना वायरिंग कापून जोडणाऱ्या दुकानदारापासून मात्र लांब राहा. तयार कपलर मिळतो, तो वापरायला सांगा. नव्या गाडीत वायर कापली तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

गुगल की मॅपल्स? आणि 'नाविक'चं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी गाडीत मॅपल्स हे ॲप वापरतानाचा व्हिडिओ टाकला आणि हे नाव घरोघरी पोहोचलं. हे ॲप मॅपमायइंडियाचं. ही कंपनी १९९५ पासून भारताचे नकाशे बनवते आहे. व्हिडिओत गाजलं ते उड्डाणपुलाच्या फाट्यावर दिसणारं त्रिमितीय चित्र: वर चढायचं की खालून जायचं ते स्पष्ट दिसतं. गुगलनेही जुलै २०२४ मध्ये भारतासाठी उड्डाणपुलाची सूचना आणली होती. बेलापूरची घटना आठवली की या सोयीचं मोल कळतं. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर असतात, आणि उपग्रहावरून मिळणारा उंचीचा अंदाज तितकासा पक्का नसतो.

दोन्ही ॲप फुकट आहेत, त्यामुळे निवडीचा फार काथ्याकूट करायची गरज नाही. ट्रॅफिकची खबर ॲप किती लोक वापरतात यावर ठरते आणि तिथे गुगल पुढे आहे. दोन्ही फोनमध्ये ठेवा.

'नाविक' ही भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा. फोनच्या किंवा स्टिरिओच्या खोक्यावर 'नाविक सपोर्ट' लिहिलेलं असतं आणि त्यासाठी जास्त पैसे मागितले जातात. ते देऊ नका. आताच्या चिप अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाचे, युरोपचे आणि चीनचे उपग्रहही वापरतात, नाविक ही त्यात एक भर. शिवाय या यंत्रणेतल्या काही जुन्या उपग्रहांची आण्विक घड्याळं बिघडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. देशासाठी ही यंत्रणा महत्त्वाची आहेच. पण आज रस्ता शोधताना तुम्हाला फरक जाणवेल, असं नाही.

फोन लावला तर पावती फाटेल का?

गाडी चालवताना फोन हातात धरणं गुन्हा आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. तिच्यानुसार चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने केवळ रस्ता पाहण्यासाठी फोन वापरता येतो. म्हणजे होल्डरमध्ये लावलेला फोन चालतो, मांडीवर ठेवून दर दोन मिनिटांनी खाली बघितलेला नाही.

म्हणून हात आखडता घेऊ नये अशी एकच वस्तू यात आहे, ती म्हणजे होल्डर. दीडशे रुपयांचा होल्डर मे महिन्याच्या उन्हात काचेवरून सुटतो आणि नेमका वळणावर पायाशी पडतो. एसीच्या झडपेला घट्ट बसणारा घेतला तर थंड हवेने फोनही तापत नाही. तापलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग बंदच पडतो. सोबत चांगला कार चार्जर हवा. नकाशा, स्क्रीन आणि डेटा एकदम सुरू असताना हलक्या चार्जरने बॅटरी वाढायच्या ऐवजी उतरत जाते.

वेगळ्या यंत्रावर खर्च करण्यात अर्थ आहे तो मोजक्या लोकांसाठी. दिवसभर गाडीत असणारे आणि ज्यांच्या फोनवर सतत कॉल येतात असे टूरवाले, किंवा ज्यांना रोजचा फोन उन्हात तापवायचा नाही असे. त्यांनीही आधी घरातला जुना स्मार्टफोन नकाशे उतरवून गाडीत लावून पाहावा. बॅटरी फुगलेली नसेल, तर हा बिनपैशाचा पर्याय बहुतेकदा चालून जातो.

आणि पाण्याखाली जाणाऱ्या पुलाचं काय? त्यावर या यादीतल्या कुठल्याच वस्तूकडे खात्रीचा उपाय नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी रामगंगेत कोसळली आणि तिघांचा जीव गेला. तेव्हा गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांसोबत गुगल मॅप्सच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख झाला. पुलावर धड अडथळाही उभा केलेला नव्हता. भोर-महाडचा वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवला जातो, तो आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो आणि नकाशावर कधी उमटेल, याचा नेम नसतो. जून ते सप्टेंबरमध्ये घाटात उतरण्याआधी पायथ्याच्या चहाच्या टपरीवर 'रस्ता चालू आहे का?' एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. रस्ता बंद दिसला तर गुगल आणि मॅपल्स दोन्हीकडे तो कळवायची सोय आहे. ती वापरली, तर मागून येणाऱ्याला वेळेत कळण्याची शक्यता तरी वाढते.