मानेचं ऑपरेशन: पहिली रात्र कुठं काढायची?

‘सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी!’ डॉक्टरांनी असं म्हटलं की पेशंटचा चेहरा खुलतो आणि त्याच्या बायकोचा उतरतो. तिच्या मनात एकच प्रश्न असतो, पण डॉक्टरांसमोर तो विचारायला ती संकोचते. रात्री दोन वाजता ह्यांना काही झालं तर मी काय करायचं?

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. मणक्याची ऑपरेशनं करणारे सर्जन गेली तीसेक वर्षं एकमेकांना हाच प्रश्न विचारत आले आहेत.

समजा, बंगळुरूच्या जे. पी. नगरमधलं एक मराठी घर आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, सासू-सासरे कोल्हापूरला. नवऱ्याचं वय ४२. दोन-तीन महिने उजव्या हातात कळा येताहेत, मधलं बोट बधिर झालंय. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली, फरक पडला नाही. एम.आर.आय.मध्ये मानेच्या सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत असल्याचं दिसलं. त्याच इमारतीत दोन मजले वर एक आजी राहतात. वय ६८, मधुमेह, रात्री घोरणं इतकं की शेजारच्या खोलीत ऐकू यावं. त्यांच्या मानेत तीन ठिकाणी थेट मज्जारज्जूवरच दाब आहे. चालताना तोल जातो, ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत. दोघांनाही ऑपरेशन सांगितलंय. शेजारीपाजारी दोन्हीला ‘मानेचं ऑपरेशन’ असंच म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो, कारण खालच्या मजल्यावरचा पेशंट संध्याकाळी घरी आला की वरच्या मजल्यावर लगेच विचारणा होते, ‘मग आपल्या आईला का ठेवून घेताहेत?’

(एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गादी सरकून हात दुखणाऱ्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. काही आठवड्यांत, काही महिन्यांत दुखणं आपसूक ओसरतं. हाताची ताकद कमी होत चालली किंवा मज्जारज्जूच दाबला जाऊ लागला, तर मात्र गोष्ट वेगळी.)

मणका मागच्या बाजूला, मग चीर गळ्यावर पुढून कशी? अनेकांना याचंच नवल वाटतं. कारण साधं आहे. गादी मज्जारज्जूच्या पुढे असते. मागून गेलं तर वाटेत मज्जारज्जू येतो, पुढून गेलं की तो टळतो. गळ्यावरच्या वळीत दीड-दोन इंचांची आडवी चीर घेतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारतात, मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या वाटेनं मणक्यापर्यंत पोहोचतात. सरकलेली गादी काढायची, रिकाम्या जागेत आधार बसवायचा आणि दोन मणके कालांतरानं एकमेकांना जुळू द्यायचे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. त्याच सुमारास होनोलुलूच्या राल्फ क्लॉवर्ड यांनी आपली वेगळी पद्धत काढली आणि १९५८ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा डोक्याला मार लागलेल्या जखमींवर शस्त्रक्रिया करणारे ते हेच क्लॉवर्ड.

त्या काळी आधारासाठी हाड पेशंटच्याच कमरेतून काढून घेत. गंमत अशी, की मानेपेक्षा कमरेची जखमच जास्त दुखे आणि माणूस त्या पायानं लंगडत राही. मग हॉस्पिटलात बरेच दिवस काढणं ओघानंच आलं. पुढं टायटॅनियमचे किंवा खास प्लॅस्टिकचे पिंजऱ्यासारखे तुकडे आले, सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन होऊ लागलं, भूल उतरल्यावर येणारी मळमळ आटोक्यात आली. कमरेची जखम गेली, तसं पेशंटला दिवसच्या दिवस अडकवून ठेवण्याचं मुख्य कारणही गेलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या काही सर्जननी अशा पेशंटना त्याच दिवशी घरी पाठवायला सुरुवात केली आणि आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत छापले. त्यानंतर असे अहवाल येतच राहिले. बहुतेकांचा सूर एकच: त्याच दिवशी घरी गेलेल्यांत गुंतागुंत जास्त दिसत नाही.

पण हे वाक्य नीट वाचायला हवं. घरी कोणाला पाठवलं? ज्यांचं वय फार नव्हतं, एक किंवा दोनच गाद्यांचं काम होतं, हृदय-फुप्फुसं ठणठणीत होती आणि घरी सोबतीला कोणी होतं, अशांना. वरच्या मजल्यावरच्या आजींसारख्यांना मुळात ठेवूनच घेतलं होतं. निवडून घेतलेल्या धडधाकट माणसांची तुलना उरलेल्यांशी केली, तर निवडलेले बरे दिसणारच. त्या अहवालांवरून ४२ वर्षांच्या पेशंटनं दिलासा जरूर घ्यावा. आजींनी घेऊ नये.

आता त्या रात्री दोनच्या भीतीकडे येऊ. ती एकाच गोष्टीची आहे. ऑपरेशनच्या जागी आत एखादी बारीक रक्तवाहिनी पाझरू लागते आणि रक्त साकळतं. पोटात किंवा मांडीत थोडं रक्त साकळलं तर माणूस सहन करतो. गळ्यात जागाच नाही. साकळलेलं रक्त श्वासनलिकेवर दाब आणतं, आजूबाजूची सूज वाढते, आणि मिनिटामिनिटाला श्वास कोंडत जातो. असं शंभरात एकाच्याही वाट्याला येत नाही, इतकं ते विरळ आहे. पण आलं तर इलाज घाईचा. पेशंटच्या खाटेपाशीच टाके कापून जखम उघडावी लागते, साकळलेलं रक्त मोकळं करावं लागतं, श्वासनलिकेत नळी घालावी लागते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्येही हाच धोका असतो. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही खाटेपाशीच टाके उघडण्याची तयारी ठेवायला सांगितलं आहे. हे काम घरी कोणालाच करता येणार नाही. बायकोनंही नाही आणि शेजारच्या फॅमिली डॉक्टरांनीही नाही.

म्हणूनच त्याच दिवशी घरी सोडणारे सर्जनसुद्धा टाके घातल्याबरोबर सोडत नाहीत. निदान चार-सहा तास नजरेखाली ठेवतात. मान सुजत नाही ना, आवाज बदलत नाही ना, पाणी गिळता येतं ना, लघवी होते ना, हाता-पायांत जोर आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहतात. रक्तस्राव व्हायचाच असेल तर बरेचदा तो पहिल्या काही तासांत समजतो. बरेचदा, नेहमी नाही. काहींना त्याच रात्री उशिरा त्रास होतो, आणि थोड्या लोकांना तर काही दिवसांनी.

इथं जे. पी. नगरचा हिशेब मांडायला हवा. परिसरात मोठी हॉस्पिटलं आहेत, बन्नेरघट्टा रस्त्यावर आहेत, होसूर रस्त्यावर निम्हान्ससारखी राष्ट्रीय संस्थाही फार दूर नाही. नकाशावर सगळं चार-पाच किलोमीटरांत येतं. पण बंगळुरूत अंतर किलोमीटरात मोजतं कोण? रात्री दोनला जो रस्ता दहा मिनिटांचा, तोच संध्याकाळी सातला पाऊण तासाचा होतो. सकाळी ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी सुटतो, म्हणजे ऐन गर्दीत, गतिरोधकांवरून मान सांभाळत तो घरी पोहोचतो. त्यानंतरच्या दोन-तीन तासांत उलट फिरावं लागलं तर? डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘घरी पाठवाल का?’ हा नाहीच. ‘रात्री परत आणलं तर टाके उघडू शकणारा आणि भूल देणारा माणूस त्या क्षणी हजर असेल का, आणि आम्ही थेट कोणत्या दारानं आत यायचं?’ असं विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर एक रात्र तिथंच काढलेली बरी. पेशंट अ‍ॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा असेल, किंवा घरात एकटा राहणारा असेल, तर विचारायचीही गरज नाही. राहावं.

नेमकी याच ठिकाणी मेडिक्लेमची कात्री आडवी येते. पॉलिसीत ‘हॉस्पिटलायझेशन’ची व्याख्या सलग २४ तास दाखल असण्याची असते. त्याला अपवाद डे-केअरचा, म्हणजे तंत्रज्ञान सुधारल्यामुळे २४ तासांच्या आत उरकणाऱ्या उपचारांचा. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीकडून लेखी घ्यावं. तेवढ्यासाठी गरज नसलेल्याला रात्रभर अडकवणं जसं चुकीचं, तसंच रूमचं भाडं वाचवायला गरज असलेल्यानं घरी पळणंही. एका रात्रीच्या भाड्यानं वाचतं ते किती? बिलाचा मोठा वाटा इम्प्लांट, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांची फी यांचा असतो. रूम मात्र पॉलिसीच्या मर्यादेतलीच घ्यावी. मर्यादेबाहेरची घेतली तर अनेक पॉलिसींत भाड्याबरोबर बाकीच्या बिलालाही त्या प्रमाणात कात्री लागते. आणि सुटताना कागदपत्रांसाठी ताटकळावं लागलं तर एवढं माहीत असावं, की विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशानुसार हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती गेल्यावर विमा कंपनीनं कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते.

आजींचं काय? त्यांना दोन-तीन रात्री, प्रसंगी जास्तही, राहावं लागेल. तीन ठिकाणचं काम म्हणजे जास्त वेळ गळा बाजूला ओढलेला, म्हणजे जास्त सूज. ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. घोरण्यामागं झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर वेदनाशामक औषधांनी तो बळावतो. साखर रोज तपासावी लागते. चीर मानेच्या मागून घ्यावी लागली तर स्नायूंचं दुखणं आणखी. पण त्यांनाही आठवडाभर ठेवायचं असेल तर ‘कशासाठी?’ हे जरूर विचारावं. म्हातारी माणसं परक्या खोलीत, रात्रभर चालू दिव्यांखाली कधी कधी भ्रमिष्टासारखी बोलू लागतात. पडून राहिल्यानं पायात गुठळ्या होण्याची भीती असते. आपल्या अंथरुणावर, आपल्या माणसांत त्या लवकर सावरतात.

घरी आल्यावर पहिले काही दिवस गिळताना दुखतं, घोगरा आवाज येतो. हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. भाकरी, चिवडा बाजूला ठेवून मऊ भात, मुगाची खिचडी द्यावी. बंगळुरूत नाचणीला तोटा नाही. आंबील करावी, तिला तिथं अंबलीच म्हणतात. उशी थोडी उंच, पट्टा डॉक्टरांनी सांगितला तरच. पण नेहमीचं गिळण्याचं दुखणं वेगळं आणि धोक्याची खूण वेगळी. गळा फुगत चालला, थुंकीही गिळवेना, आडवं झालं की गुदमरतं, आवाज दबत गेला, पेशंट उगाच अस्वस्थ होऊन उठून बसू लागला, की फोनवर सल्ला घेत बसू नये. त्याला बसतं ठेवावं आणि निघावं. हात-पाय लुळे पडू लागले तरी तेच.

१०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकातही आहे. तिला पत्ता सांगताना फेज आधी सांगावा. नुसत्या ‘पाचव्या क्रॉस’वरून घर सापडत नाही, कारण पाचवा क्रॉस काही एकाच फेजमध्ये नसतो. मदतीला कोल्हापूरहून आलेल्या सासूबाईंना कन्नड येत नसतं, म्हणून फेज, मेन आणि क्रॉससकट पूर्ण पत्ता, हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाचा नंबर आणि वरच्या खुणा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवाव्यात. दुसऱ्या दिवशी पेशंट हसू-बोलू लागला म्हणून तो कागद काढायचा नाही. टाके तपासून येईपर्यंत तो तिथंच राहू द्यावा.