उसना संताप

निवडणुकीचे दिवस आले की आमच्या महाराष्ट्रात एक विलक्षण पीक तरारून येते. त्यास पाऊस लागत नाही, खत लागत नाही, आणि हमीभावासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. हे पीक म्हणजे संताप. उमेदवाराच्या अथवा पुढाऱ्याच्या तोंडून एक वाक्य निसटावे, की तेवढ्या बीजातून चार घटकांत त्याचे रान माजते, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पाहावे तो शेत मोकळे! ज्या उद्गाराने काल अखिल महाराष्ट्राची अस्मिता रक्तबंबाळ झाली होती, तो उद्गार आज संतापणाऱ्यासही धड आठवत नाही. इतक्या लवकर उगवून इतक्या लवकर वाळणारी वस्तू अंतःकरणातली असणे शक्य नाही. ती कोठून तरी उसनी आणलेली असते, आणि हे उसने कोण देतो व त्याचे व्याज कोण भरतो, याचाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम या मालाची घडण पाहू. प्रतिपक्षाच्या सभेत आपला एक माणूस मोबाइल रोखून बसलेला असतो. वक्ता तासभर बोलतो. त्यातील दहा-बारा पळांचा तुकडा कापून घेतला जातो. त्याच्या मागचे वाक्य गेले, पुढचे गेले, श्रोते का हसले तेही गेले. संध्याकाळी हा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोहोचतो. रात्री वृत्तवाहिनीवर चार पक्षांचे चार प्रवक्ते त्यावर एकाच वेळी ओरडतात. सकाळी चौकात प्रतिमेस जोडे मारले जातात, पुतळा जाळला जातो, तहसीलदारास निवेदन दिले जाते. जोडे मारणाऱ्यांपैकी किती जणांनी ते भाषण समग्र ऐकलेले असते? आमचा तर्क असा आहे की जोड्यांची संख्या श्रोत्यांच्या संख्येहून नेहमी अधिक भरेल. मग दुसरा पक्ष पहिल्याच्या पुढाऱ्याचे एखादे जुने वाक्य उकरून काढतो आणि फिटंफाट होते. दोन्ही पक्ष यात तृप्त असतात. कारण जोवर शब्दांचा हिशेब चालू आहे, तोवर कामाचा हिशेब कोणी मागत नाही.

लांब जावयास नको. लातूर महानगरपालिकेच्या निवडणुकीचा प्रचार चालू असता जानेवारी २०२६ मध्ये भारतीय जनता पक्षाचे प्रदेशाध्यक्ष रवींद्र चव्हाण यांनी तेथील सभेत, कार्यकर्त्यांचा उत्साह पाहून, विलासरावांच्या आठवणी या शहरातून पुसल्या जातील अशा आशयाचे उद्गार काढले. हे उद्गार अविचाराचे होते, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. बाभळगावच्या सरपंचपदापासून दोन वेळा मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेल्या आणि २०१२ साली निवर्तलेल्या माणसाची आठवण पुसण्याची भाषा त्याच्याच गावी येऊन करणे हे राजकारण म्हणून अडाणीपणाचे आणि शिष्टाचार म्हणून गौण होय. विलासरावांचे चिरंजीव रितेश देशमुख यांनी यावर दिलेले उत्तर चार वाक्यांचे होते. लिहिलेले पुसता येते, कोरलेले पुसता येत नाही, असा त्याचा भाव होता. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, आंदोलनाची हाक नव्हती. चव्हाण यांनीही लगोलग दिलगिरी प्रदर्शित केली. दुःख खरे होते, उत्तर सभ्य होते, क्षमा मागून झाली. कोणत्याही सुसंस्कृत समाजात प्रकरण येथे मिटले असते.

पण मिटवावयाचे कोणास होते? दिलगिरी आली तरी प्रचारात तोच विषय घोळत राहिला. मुलाच्या दुःखास पक्षाने भांडवल म्हणून वापरले, आणि ज्यांच्या मुखातून ते शब्द गेले त्यांच्या बाजूने खुलाशांवर खुलासे निघत राहिले. आमचा प्रश्न साधा आहे. विलासरावांची स्मृती इतकी का दुबळी आहे, की तिच्या रक्षणास घोषणांचा पहारा लागावा? याच लातूरच्या मतदारांनी १९९५ साली त्यांचा पराभव केला होता, आणि याच मतदारांनी १९९९ साली त्यांस पुन्हा विधानसभेत पाठविले. जो माणूस हरूनही लोकांच्या मनातून गेला नाही, तो कोणाच्या एका वाक्याने जाईल, ही भीतीच त्याच्या स्मृतीचा खरा अवमान आहे.

आता या गदारोळात काय झाकले गेले ते पाहा. लातूर महानगरपालिकेची त्यापूर्वीची निवडणूक २०१७ साली झाली होती. सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. म्हणजे नागरिकाने निवडलेला एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. ज्या शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले, ज्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम पुकारावा लागला, त्या शहराने जवळजवळ नऊ वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीत पहिला प्रश्न कोणता विचारावयास हवा होता? मांजरा धरण पुन्हा कोरडे पडले तर काय, हा. निवडणूक कशी टाळली गेली आणि पुन्हा टळू नये म्हणून काय करणार, हा. हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांस जोड्यांच्या आवाजाइतका आवाज मिळाला नाही, हे तर कोणीही कबूल करील. निकालात काँग्रेसने बहुमत मिळविले. या विजयास त्या एका वाक्याने किती हात दिला हे मोजण्याचे माप आमच्याजवळ नाही. परंतु विजयी पक्षाने पाण्याविषयी कोणता शब्द दिला होता, हे लातूरच्या किती नागरिकांस तोंडपाठ सांगता येईल?

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा प्रचार ऐन भरात असता उद्धव ठाकरे यांची बॅग प्रथम वणी येथे आणि दुसऱ्या दिवशी औसा येथे निवडणूक अधिकाऱ्यांनी तपासली. झाले! आमच्याच नेत्याची बॅग का, असा एका बाजूने गजर सुरू झाला. आमच्याही नेत्यांच्या बॅगा तपासल्या आहेत, ही घ्या चित्रफीत, असे दुसऱ्या बाजूने प्रत्युत्तर आले. हिंगोलीस अमित शहा यांच्या सामानाची तपासणी झाली, तिचेही चित्रण प्रसिद्ध झाले. आठवडाभर महाराष्ट्राने पुढाऱ्यांचे कपडे पाहिले. त्याच आठवड्यात औसा-निलंग्याच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग पडून होते. सरकारने ठरविलेला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातील भाव त्याच्या पुष्कळच खाली होता. एका आघाडीने ६,००० रुपयांचे वचन दिले, दुसरीने ७,००० रुपयांचे. हा पैसा कोणत्या तिजोरीतून येणार, खरेदी केंद्रे वेळेवर का उघडत नाहीत, ओलाव्याच्या नावाखाली माल परत का पाठविला जातो, हे विचारण्यास ती वेळ किती योग्य होती! परंतु बॅगेत काय आहे हे पाहण्यात गुंतलेल्या लोकांस पोत्यात काय आहे हे पाहण्यास सवड झाली नाही.

खरे पाहता या बाबतीत निलंग्याच्या मतदाराने साऱ्या महाराष्ट्रास धडा द्यावा असा त्याचा अनुभव आहे. २००४ साली येथे नातवाने आजोबांचा पराभव केला; २००९ साली आजोबांनी नातवाचा केला; पुढे २०१४ आणि २०१९ साली पुतण्या आणि काका समोरासमोर उभे राहिले. व्यासपीठावरील वैर आणि घरातील नाते ही एकाच वाड्यात कशी नांदतात, हे ज्या गावाने चार निवडणुका डोळ्यांनी पाहिले, त्या गावाने तरी प्रचारातील प्रत्येक फणकाऱ्यास महायुद्ध समजू नये. आणि याच निलंग्याचे शिवाजीराव पाटील हे मुख्यमंत्रिपदावरून १९८६ साली उतरले ते कोणत्या भाषणामुळे नव्हे. कन्येच्या वैद्यकीय परीक्षेतील गुणांच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांमुळे. त्या निर्णयाविषयी कोणाचे काही मत असो. निदान त्या काळी मुख्यमंत्र्यास उत्तर द्यावे लागले ते घडलेल्या गोष्टीबद्दल, उच्चारलेल्या वाक्याबद्दल नव्हे. आज क्रम उलटा झाला आहे. वाक्याबद्दल मनुष्य दिलगीर होतो आणि कृतीबद्दल त्यास कोणी विचारीत नाही.

यावर आम्हांस विचारण्यात येईल, की मग प्रचारात कोणी काहीही बरळावे आणि लोकांनी मुकाट्याने ऐकावे, असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. स्त्रीच्या अब्रूवर घाला घालणारे, जातीस जातीवर आणि धर्मास धर्मावर सोडणारे शब्द हे शब्द नव्हेत, ती कृतीच होय. त्यांवर संतापणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. पण नेमके येथेच उसन्या संतापाचे पितळ उघडे पडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये संगमनेर तालुक्यातील सुजय विखे यांच्या सभेत वसंत देशमुख या वक्त्याने बाळासाहेब थोरात यांच्या कन्येविषयी गलिच्छ उद्गार काढले. त्यानंतर आठवडाभरातच मुंबईत अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. या उमेदवार स्त्रीस उद्देशून 'माल' हा शब्द वापरला. पहिल्या प्रसंगी एका आघाडीचे रक्त उसळले, दुसऱ्या प्रसंगी दुसरीचे. पहिल्या वेळी ज्यांचा कंठ स्त्रीसन्मानाने दाटून आला होता, त्यांपैकी बहुतेकांस दुसऱ्या वेळी शब्दकोशातील अर्थच्छटा आठवू लागल्या. आणि पहिल्या वेळी ज्यांनी मान खाली घातली होती, त्यांनी दुसऱ्या वेळी ती एकदम ताठ केली. स्त्री तीच, अपमान तोच. बदलला होता तो अपमान करणाऱ्याचा पक्ष! ज्याचा संताप पक्षाचे चिन्ह पाहून पेटतो, त्यास स्त्रीचा सन्मान नको असतो, तिचा उपयोग हवा असतो.

खरा संताप कसा असतो तेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८७ साली विलेपार्ले येथील पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितली गेली, अशी तक्रार घेऊन पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. त्यांनी पुतळे जाळून समाधान मानले नाही. भाषणे, साक्षी, पुरावे मांडले. उच्च न्यायालयाने १९८९ साली रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. न्यायास आठ वर्षे लागली, हा न्यायव्यवस्थेचा दोष खरा. परंतु जो आठ वर्षे टिकतो त्यासच संताप म्हणावयाचे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा खोट्या चारित्र्यहननास आणि द्वेष पसरविण्यास आजही भ्रष्ट आचरण ठरवितो. आचारसंहिताही टीका धोरणावर व कामावर ठेवा, खासगी आयुष्यावर नको, असे सांगते. साधने आहेत, पण त्यांस कष्ट लागतात, आणि जोडे मारण्यास लागत नाहीत.

या खोट्या व्यापाराची सर्वांत मोठी हानी मात्र वेगळीच आहे. उद्गाराच्या भीतीने शहाणा उमेदवार बोलेनासा होतो. तो लिहून दिलेला कागद वाचतो, महापुरुषांची नावे घेतो, सर्व समाजांस वंदन करतो आणि उतरून जातो. त्याच्या भाषणात चूक नसते, कारण त्यात काहीच नसते. उलट, ज्यास लाज नाही त्यास या गदारोळाचा लाभच होतो. एक शिवी दिली की दोन दिवस त्याचे नाव सर्वांच्या तोंडी राहते. अशा रीतीने विचारी माणूस मुका आणि निर्लज्ज माणूस वाचाळ, अशी व्यवस्था आम्ही आमच्याच हातांनी करीत आहो. मराठवाड्यास तरी हे शोभत नाही. निजामी राजवटीत साधी सभा भरवावयास सरकारची परवानगी लागत असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते बंधन तुटले, आणि १९५२ साली या प्रदेशाने इतर देशाबरोबर प्रथम मतदान केले. ज्या व्यासपीठासाठी मागच्या पिढीने तुरुंग पाहिले, त्या व्यासपीठावर आज कोणी मोकळेपणी बोलू नये असा पहारा आम्ही बसवावा, यापरता करंटेपणा कोणता?

तेव्हा वाचकांस आमचे सांगणे थोडके आहे. पुढच्या वेळी कोणी एखादा तुकडा दाखवून 'पाहा, काय बोलला!' असे म्हणेल, तेव्हा त्यास तीन गोष्टी विचाराव्या. समग्र भाषण कोठे आहे? हेच वाक्य तुमच्या नेत्याने उच्चारले असते तर तुम्ही काय केले असते? आणि मतदान झाल्यावरही हा राग तुम्ही चालू ठेवणार काय? तिन्हींची उत्तरे प्रामाणिक मिळाली, तर अवश्य त्याच्याबरोबर संतापावे. तहसीलीपर्यंतच काय, न्यायालयापर्यंत जावे. न मिळाली, तर त्याचा संताप त्यास परत करावा आणि सोयाबीनचा भाव विचारावा. त्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचे पुढारी एकदम शांत होतात, हे ज्याने एकदा पाहिले, त्यास खरा राग कोठे खर्चावयाचा हे वेगळे शिकवावे लागणार नाही.