अंगाचा माठ

आमच्या ठाण्याच्या घरात ओट्याच्या कोपऱ्यात एक माठ आहे. सासूबाईंनी हट्टाने आणलेला. त्यातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जरासं बरं, इतकंच. दर उन्हाळ्यात त्या एक पेला पितात आणि म्हणतात, "तुमच्या इकडच्या हवेत माठाला दमच नाही." त्या अकोल्याच्या. त्यांच्याकडे एप्रिलमध्ये माठातल्या पाण्याने दात ठणकतात, असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आणि गावचं कौतुक म्हणून सोडून देत आले. त्या बोलण्याचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, जैसलमेरच्या किल्ल्यात कळला.

एप्रिलअखेर मुलांना घेऊन वाळवंटात जावं का? जाऊ नये. ऑक्टोबर ते मार्च हे तिथले दिवस. पण लेकीची चौथीची परीक्षा तेव्हाच संपली, नवऱ्याला रजा तेव्हाच मिळाली, आणि पहिलीतल्या धाकट्याने 'संपत नाही एवढी वाळू' बघायचा ध्यास घेतला होता. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर आणि पुढे पोखरणमार्गे गाडीने पावणेतीनशेच्या वर किलोमीटर. आम्ही पाच जण. माझ्या वहीत तक्ता तयार होता: नऊला नाश्ता, दहाला गडीसर तलाव, साडेअकराला किल्ला, दोनला जेवण, तीनला हवेल्या. महाबळेश्वरला करतो तसाच. आपल्याला फिरायला गेलं की 'पॉइंट' करायची सवय आहे. एक राहिला तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसलने ११५६ साली वसवला. त्रिकूट टेकडीवर पिवळ्या दगडाचा, ९९ बुरुजांचा, आणि आत आजही लोक राहतात. वाळत घातलेले कपडे, फोडणीचा वास, शाळेची दप्तरं, सगळं तटाच्या आत. सकाळी सातला तो बघावा, तेव्हा दगड खरोखर मधासारखा दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, पारा ४२ अंशांवर होता आणि दगडाकडे डोळे उघडून बघवत नव्हतं.

मी लेकीवर लक्ष ठेवून होते, हे मला सांगितलंच पाहिजे. पण माझं मोजमाप ठाण्याचं होतं. आमच्याकडे मूल खेळून आलं की शर्ट पिळून काढावा लागतो. ओलंचिंब मूल म्हणजे तापलेलं मूल, हे डोक्यात पक्कं. इथे तिचा फ्रॉक ठणठणीत कोरडा होता, कपाळावर थेंब नव्हता. पाणी पुढे केलं तर "नको" म्हणाली. मला वाटलं, हिला ऊन सोसतंय. मग ती कुरकुरायला लागली. धाकट्याने हात लावला तर त्याच्यावर खेकसली. किल्ल्याची चौथी वेस, हवापोळ, तिथे ती दगडी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आई, डोकं दुखतंय. मला उलटीसारखं होतंय."

सासूबाई मागून आल्या. त्यांनी तिच्या कानशिलावरून बोट फिरवलं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं. बोटाच्या टोकाला पिठासारखं पांढरं काहीतरी लागलं होतं. मीठ.

"घाम येऊ राहिला वं तिला," त्या म्हणाल्या. "पण ह्या हवेत तो दिसत नाही. निघाला की उडतो. अकोल्यात तसंच. अंग म्हणजे माठच आहे. झिरपतो म्हणून गार राहतो. पण आत पाणी भरायला नको का?"

त्या एका वाक्यात सगळं होतं. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर भराभर उडतं, माठ गार पडतो. ठाण्याची हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे उडायला जागा नाही. म्हणून माठ कोमट, म्हणून कूलर लावला तरी खोली नुसती दमट होते, आणि म्हणूनच घाम अंगावर ओघळत राहतो. तोच कूलर अकोल्यात संजीवनी असतो. वाळवंटात घाम आपलं काम चोख करतो, इतकं चोख की तो गेलेला कळत नाही. दोन तासांत मूल रिकामं होत जातं आणि फ्रॉक कोरडाच राहतो.

लहान मुलाचा माठ लहान. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, म्हणून बाहेरचं ऊन ते आपल्यापेक्षा लवकर पितं. त्याच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या माणसाइतका घाम गाळत नाहीत. आणि खेळात रमलं की तहान सांगत नाही. सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हवापोळीत वारा सतत वाहतो, नाव त्यावरूनच आहे. तिथे ओढण्या विकणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं, दुकानावर नातवाला बसवलं आणि आम्हाला मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी नेलं. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. "टाबर है," एवढंच म्हणाल्या. टाबर म्हणजे मूल. हातभर जाडीच्या भिंती, लहान झरोके, फरशी अशी की पाय ठेवताच सुखावले. त्यांनी ओलं फडकं लेकीच्या मानेवर ठेवलं, माठातलं पाणी घोटाघोटाने पाजलं (दात ठणकले, सासूबाई माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत) आणि तासाभराने वाटीत राबडी दिली. ही दुधाची गोड रबडी नव्हे. बाजरीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, मीठ घातलेलं, गार. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली आंबील!" मग त्या दोघींची जी जोडी जमली ती संध्याकाळपर्यंत. एकीची मारवाडी, दुसरीची वऱ्हाडी, आणि मधे हिंदीचे चार शब्द.

दीडएक तासाने लेकीला शू झाली, गडद पिवळी. त्यानंतर तासाने पुन्हा झाली, फिकट. ती फिकट शू बघून माझ्या जिवात जीव आला. आता हे लिहून ठेवते, कारण आणखी कुणाची तरी मे महिन्याची तिकिटं निघालेली असतील: वाळवंटात मुलाला तहान लागायची वाट बघू नका, घड्याळ लावून पाजा. शूचा रंग बघा. नुसतं पाणी पुरत नाही, मीठही गेलेलं असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, नाहीतर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही ठेवू नका. आणि मूल बरळायला लागलं, नीट जागं राहीना, अंग भाजायला लागलं, तर पाणी पाजत बसू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि तसंच दवाखाना गाठा. आमच्यावर ती वेळ आली नाही. लेक वेळीच बसली, म्हणून आली नाही.

निघताना त्या बाईंना मी विचारलं, दुपारी इथे बघण्यासारखं काय आहे? त्यांनी प्रश्न नीट समजून घेतला आणि म्हणाल्या, दुपारी इथे झोपतात.

रात्री मी वहीतला तक्ता फाडला. उरलेले चार दिवस आम्ही सूर्याच्या हिशेबाने जगलो. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला. एप्रिलअखेर सूर्य सव्वासहाला उगवतो आणि सव्वासातला मावळतो. पाचला उठायचं, उजाडताना बाहेर पडायचं, दहाच्या आत परत यायचं. मग अकरा ते पाच काहीही करायचं नाही. पडदे ओढलेल्या खोलीत फरशीवर चादर टाकून पाच माणसं आडवी. पहिल्या दुपारी मुलं कंटाळली. दुसऱ्या दुपारी सासूबाईंनी त्यांच्या लहानपणच्या वाळ्याच्या ताट्यांची गोष्ट सांगितली, दारावर बांधून त्यांवर पाणी मारायचं काम कुणाचं यावरून भावंडांत होणाऱ्या मारामाऱ्यांसह. तिसऱ्या दुपारी धाकटा स्वतःहून म्हणाला, "आजी, दुपार सुरू कर." आमच्या मुलांना सकाळ माहीत आहे, संध्याकाळ माहीत आहे. शाळा, क्लास, शिबिर यांच्यात दुपार अशी त्यांना मिळतच नाही. ती त्यांना थरच्या वाळवंटात मिळाली.

सकाळी बघितलं ते मात्र पोटभर. गडीसर तलाव चौदाव्या शतकातला, रावळ गडसीने बांधून घेतलेला. शेकडो वर्षं या शहराने त्याचं पाणी प्यायलं. जैसलमेरला वर्षाचा पाऊस सरासरी दोनशे मिलिमीटरच्याही आत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. जैसलमेरला तेवढा पडायला साधारण पाच वर्षं लागावीत. हे सांगितल्यावर लेक पायरीवर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

कुलधरा गावी गेलो तेव्हा जो तो आम्हाला भुतं दाखवायला निघाला होता. पालिवाल ब्राह्मणांचं हे सोडून दिलेलं गाव शापाच्या गोष्टीवर पर्यटकांना विकलं जातं, आणि मला त्याचा राग येतो. कारण पालिवालांची खरी गोष्ट तिच्याहून मोठी आहे. खडकाळ चढावरून वाहणारं पावसाचं पाणी मातीच्या लांब बांधाने सखल रानात अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. त्याला खडीन म्हणतात. इतक्याशा पावसात गहू! मुलांना भूत सांगायचं की हे सांगायचं?

अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूंदें' या १९९५ सालच्या पुस्तकात कुईंचं वर्णन आहे. काही भागांत वाळूखाली खडूसारख्या दगडाचा पट्टा असतो. पावसाचं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, आणि वाळूत ओल म्हणून राहतं. तिथे अगदी अरुंद विहीर खणायची. ओल थेंबाथेंबाने आत पाझरते, दिवसाला दोन-तीन घडे. मी हे दुपारी सांगत होते तर लेक म्हणाली, "म्हणजे तो उलटा माठ." माठात पाणी बाहेर झिरपतं, कुईंत आत. मला हे सुचलं नव्हतं.

जेवणात केर-सांगरी असायची. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची आपण पूजा करतो तिची भाजी ताटात बघून सासूबाईंनी आधी हात जोडले, मग दुसऱ्यांदा वाढून घेतली.

धाकट्याची वाळू आम्ही शेवटच्या संध्याकाळी गाठली, सम गावाजवळ, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. सहानंतर. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे माणूस तोंडावर जातो. उंटवाल्याने मुलांना मागे रेलायला सांगितलं होतं म्हणून निभावलं. लेकीने त्याला विचारलं, याला घाम येत नाही का? तो म्हणाला, येतो, पण कंजूष आहे. ते अगदी खरं आहे. पाणी कमी असलं की उंट दिवसा आपलं अंग चाळीस अंशांपर्यंत तापू देतो, घाम वाचवतो, आणि रात्री थंड हवेत तो ताप सोडून देतो. मदारीत असते ती चरबी, पाणी नव्हे. पाणी मिळालं की मात्र दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पितो. आपल्याला यातलं काहीच जमत नाही. आपलं अंग दोन-तीन अंशांनी तापलं की आपण अंथरूण धरतो.

सूर्य गेला तरी वरची वाळू ऊन होती. धाकट्याने दोन्ही हातांनी उकरायला घेतलं. वीतभर खाली गेल्यावर तो थांबला. "आई, इथे गार आहे." मी हात घातला. खरंच गार, किंचित ओलसर वाटावं असं. उंटवाला म्हणाला, दिवसा बरेच जीव इथेच असतात, उंदीर, भुंगेरे; रात्री वर येतात. मुलं त्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून बसली आणि वर एकेक करत तारे लागत गेले. निघू या म्हटलं तर धाकट्याने आधी खड्डा बुजवला. आत कुणी झोपलं असेल तर, म्हणाला.

परतीच्या गाडीने बोरिवलीला उतरलो. फलाटावर पाऊल ठेवलं आणि ती आपली ओळखीची, अंगाला चिकटणारी हवा आली. बॅगा उतरवून होईतो लेकीचा गळा ओला झाला होता. तिने मानेवरून हात फिरवला आणि तो ओला तळवा आजीपुढे धरला.

"आजी, बघ. दिसला."

सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्या हातात दिली.