शहराचे खरे माप

घरात धान्याची कोठारे भरलेली असली, पण आडातले पाणी आटले असले, तर त्या घराला सुखी म्हणता येईल काय? जो न्याय घराला, तोच नगराला. उंच इमारती, रुंद रस्ते आणि रात्रीचा दिव्यांचा झगमगाट पाहून आपण म्हणतो, ‘केवढी ही भरभराट!’ परंतु केवळ डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून शहराची भरभराट ठरवावी, हे मला उचित वाटत नाही.

मग ती मोजावी कशी? संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ साली शहराच्या समृद्धीला चाकाची उपमा दिली. उत्पादकता, पायाभूत सोयी, जीवनमान, समता आणि पर्यावरणाचे रक्षण हे त्या चाकाचे पाच आरे. एक आरा मोडका असला, तर उरलेले चार कितीही भक्कम असोत, गाडी डळमळल्यावाचून राहत नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्या. १९५१ साली या शहराची वस्ती पाच लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती एकतीस लाखांच्या वर गेली. २०१८ साली केंद्र सरकारने राहण्यास सुखकर शहरांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील १११ शहरांत पुण्याचा क्रमांक पहिला होता. पुणेकरांना आनंद झाला, आणि तो स्वाभाविकच होता. परंतु पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, मुसळधार पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा काठ सोडून वस्तीत शिरला. अनेकांचे प्राण गेले. कित्येकांचे संसार वाहून गेले. शहर वाढता वाढता ओढ्याचे पात्र ठिकठिकाणी अरुंद झाले होते.

मग ती यादी खोटी होती काय? तसे नव्हे. अनेक गुणांची बेरीज केली, की एका ठिकाणची उणीव बाकीच्या गुणांआड लपते. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, म्हणून भाषेत नापास झालेला विद्यार्थी भाषेत उत्तीर्ण ठरत नाही. मग शहरालाच ही सवलत का द्यावी? शहराची परीक्षा त्याच्या सर्वांत दुबळ्या अंगावरून व्हावी, असे माझे मत आहे. ओढ्याकाठच्या घरातील मूल पावसाळ्यात निश्चिंतपणे झोपते काय? नळाचे पाणी टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचते काय? नदी जशी शहरात येते, तशीच निर्मळ बाहेर पडते काय?

मुलांनो, उद्या ही शहरे तुमच्या हाती येणार आहेत. त्यांच्या इमारतींची उंची मोजण्यापूर्वी त्यांच्या ओढ्यांची रुंदी मोजा.