सुशिक्षित उमेदवार हवाय? मग रँग्लर परांजप्यांचं काय झालं ते आधी वाचा

पदवीधर मतदारसंघाची नोंदणी आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला एकदम लोकशाहीचा उमाळा येतो. "फॉर्म १८ भरा, डिग्रीची झेरॉक्स जोडा, सुशिक्षित उमेदवार निवडून द्या." खाली अंगठे, नमस्कार, तिरंगे. मग कुणीतरी काका त्यांचं ठेवणीतलं वाक्य टाकतात, "शिकलेली माणसं राजकारणात येत नाहीत तोवर या देशाचं काही खरं नाही."

हे वाक्य मी पुण्यात लहानपणापासून ऐकतोय. लग्नाच्या पंगतीत, टेकडीवर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. आता वैताग आला म्हणून लिहायला बसलो. पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट, शिकलेली माणसं राजकारणात येत नाहीत हेच खोटं आहे. चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा, चारपैकी दोन नावांआधी 'प्रा.' किंवा 'डॉ.' असतंच. आणि फ्लेक्सवरचे सोडा, खरोखर वर्गात उभं राहून शिकवलेले मंत्रीही महाराष्ट्रानं पाहिलेत. एन. डी. पाटील प्राध्यापक होते, १९७८ च्या पुलोद सरकारात मंत्री झाले. रामकृष्ण मोरे प्राध्यापक होते. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली ती त्यांनी. वर्षा गायकवाड प्राध्यापक होत्या. तेव्हा तुटवडा वगैरे काही नाही.

पण काकांना हवा तो यांच्यापैकी कुणी नव्हे. त्यांना हवाय ऑर्डर देऊन बनवून घेतल्यासारखा विद्वान. परदेशात पहिला आलेला, पैशाला न भुललेला, भ्रष्टाचाराचा डाग नसलेला, वर आपल्याच शहरातला. तर काका, तोही येऊन गेलाय. शंभर वर्षांपूर्वी. आपल्या फर्ग्युसनचे प्राचार्य, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

रँग्लर परांजपे म्हटलं की पुणेकराची मान ताठ होते. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. मूळचे दापोलीजवळच्या मुर्डीचे. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी शिक्षणासाठी मुंबईला नेलं, म्हणून हा मुलगा पुढे आला. केंब्रिजहून परतल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी चालून आली असती, पण हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले, दरमहा ७५ रुपयांवर. १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

पुढची विचारा. हेच परांजपे मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री होते, १९२१ ते १९२३. हे किती जणांना माहीत आहे? मी चार-पाच जणांना विचारलं, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक. एकालाही माहीत नव्हतं. परीक्षेतला नंबर आपल्या लक्षात राहिला, मंत्री म्हणून केलेलं काम नाही. आपल्या शहराचं प्रगतिपुस्तक काढायचं तर एवढं एक वाक्य पुरे.

आता ते काम काय होतं ते बघू. गोपाळ कृष्ण गोखले हेही फर्ग्युसनचेच प्राध्यापक. त्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते आपटलं. परांजपे गोखल्यांच्या विचारांचे. त्यांचं इंग्रजी चरित्रही परांजप्यांनी लिहिलंय. म्हणजे शिक्षणमंत्रिपद हे त्यांच्यासाठी गुरूचं राहिलेलं काम होतं. १९२० च्या सुमारास पुण्यात वाद पेटला होता की शिक्षणाची सक्ती फक्त मुलग्यांना करायची की मुलींनाही. टिळकांच्या बाजूचं म्हणणं असं की नगरपालिकेकडे पैसे नाहीत, तेव्हा आधी मुलगे, मुलींचं नंतर बघू. रमाबाई रानडे बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. परांजपे मुलींच्या बाजूला होते. त्यांचं हे श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही आणि मलाही घ्यायचं नाही.

मग मंत्री झाल्यावर १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. आणि इथं खरी मेख आहे. कायद्यानं शाळा स्थानिक संस्थांच्या ताब्यात दिल्या. सक्ती कुठे करायची, कधी करायची, त्याची योजना त्या संस्थांनी आखायची. म्हणजे ज्या नगरपालिकेकडे पैसा आणि इच्छा आहे तिथं सक्ती होणार. जिथं दोन्ही नाही, तिथल्या पोरानं वाट बघायची.

असं का? परांजपे कच्चे होते म्हणून? छे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधली ती द्विदल राज्यपद्धती. शिक्षण, आरोग्य ही 'सोपीव' खाती भारतीय मंत्र्यांकडे. तिजोरी, पोलीस, महसूल ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. स्वयंपाकघर तुमचं, कोठीची किल्ली आमच्याकडे. केंब्रिजचा पहिला नंबर पैशाच्या मंजुरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभा.

आता शेजारी कोल्हापूर बघा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ते रँग्लर नव्हते. पण तिजोरी त्यांच्या हातात होती आणि मुख्य म्हणजे ती कुणासाठी उघडायची हे त्यांनी ठरवलेलं होतं. आमच्या इलाख्यात सक्ती ही सरकारची जबाबदारी व्हायला १९४७ चा कायदा यावा लागला. चोवीस वर्षं. तेवढ्यात एक अख्खी पिढी अंगठेबहाद्दर राहून बापही झाली.

१९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाची लाट आली, मवाळ वाहून गेले आणि परांजप्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर मात्र त्यांनी एक गोष्ट केली, ती मला त्यांच्या रँग्लरपणाहून मोठी वाटते. सुधारणांची चौकशी करायला सरकारनं १९२४ साली मुडीमन समिती नेमली, तिच्यात परांजपे होते. बहुमतानं म्हटलं, इकडेतिकडे डागडुजी करा, चालेल. परांजप्यांनी सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जीनांबरोबर वेगळा अहवाल दिला: ही व्यवस्थाच फसली आहे, डागडुजीनं भागणार नाही. ज्या खुर्चीवर आपण बसलो होतो तिचे पाय पोकळ आहेत, असं सही करून सांगितलं. आजचा कोणता विद्वान माजी मंत्री हे करेल? नाव सुचवा, मी पेढे वाटतो.

पण हेही बोललं पाहिजे, की परांजप्यांची स्वतःची कारकीर्द पुढेही छान झाली. १९२७ ला पुन्हा थोडे दिवस मंत्री, मग लंडनला इंडिया कौन्सिल, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, 'सर' ही पदवी, १९४४ ते ४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर. एक दार मिटलं की दुसरं उघडत गेलं. विद्वानाचं राजकारण फसलं तरी विद्वान बुडत नाही. बुडतं ते मुर्डीसारख्या एखाद्या गावातलं पोरगं, ज्याला शिकायला मुंबईला नेणारे कर्वे भेटले नाहीत.

म्हणून काकांच्या वाक्याची मला चीड येते. परांजपे शिकलेले होते, स्वच्छ होते, त्यांची बाजूही बरोबर होती. तरी अडले. कारण दोन गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. एक, तिजोरी. दुसरी, मागे उभी असलेली माणसं. तेव्हा मत देण्याचा हक्क मूठभरांना होता आणि ज्यांच्या पोरांसाठी तो कायदा होता त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. मग त्यांच्यासाठी कौन्सिलात भांडून कुणाला काय मिळणार होतं?

आणि आता आपल्या फॉर्म १८ कडे या. विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून आपली एक. २०२० ला निवडून आलेल्यांची सहा वर्षं २०२६ ला संपतात. कौन्सिलात विद्यापीठाची वेगळी जागा असायची, त्याच जमान्यातली ही कल्पना: शिकलेल्यांना वेगळं दार.

त्या दारातून आपण काय आत पाठवलं? २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची चर्चा झाली. महाराष्ट्रात अशा १४ हजार ७८३ शाळा, तिथं शिकणारी पोरं १ लाख ८५ हजारांवर. त्यांच्या 'समूह शाळा' करा म्हणून शिक्षण आयुक्तालयानं प्रस्ताव मागवले. दाखला कुठला दिला? तोरणमाळ आणि पानशेत. पानशेत, म्हणजे आपण रविवारी भजी खायला जातो ते. ज्या धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं त्याच्या काठावरच्या वाड्यांमधली शाळा राहणार की जाणार, हा प्रश्न होता. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात चर्चा कशाची होती सांगू? पार्किंगची. मीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू. माझी मुलगी इंग्रजी शाळेत शिकली. मला काय फरक पडत होता?

आता कुणी म्हणेल, चार पोरांची शाळा ही काय शाळा असते? सोबत खेळायला कुणी नाही, एकच शिक्षक, तोही निम्मा वेळ कागद भरण्यात. मुद्दा खरा आहे. पानशेतला सोयी चांगल्या झाल्या असतील, पोरं खूशही असतील. मग तसं गावाला विचारून, लिहून देऊन करा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. ती दहा किलोमीटरवर नेणार असाल तर जुलैच्या पावसात बस आली नाही तर जबाबदार कोण? बसचे पैसे तिसऱ्या वर्षी बंद झाले तर? आणि घरच्यांनी पहिली कुणाची शाळा सोडवली? मुलीची. १९२० ला 'पैसे नाहीत, मुलींचं नंतर बघू' हे बोलून तरी दाखवलं होतं. आता बोलायचीही गरज नाही, अंतर वाढवलं की आपोआप होतं.

आणि त्या मुलीची आई? ती पदवीधर नाही. तिला या मतदारसंघात मत नाही. मत आहे मला, काकांना, आणि ज्यांची पोरं त्या शाळेत कधीच जाणार नाहीत अशा आपल्यासारख्यांना. १९२१ ला दार जितकं अरुंद होतं, या एका जागेपुरतं ते तितकंच अरुंद आहे. फक्त आत उभे असलेले आता आपण आहोत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. फॉर्म भरा, मीही भरलाय. पण उमेदवार दारात आला की त्याची डिग्री विचारू नका. ती फ्लेक्सवर असतेच. तीन गोष्टी विचारा. वीसपेक्षा कमी पटाची शाळा गावानं नको म्हटल्याशिवाय बंद होऊ देणार नाही, हे लेखी देता का? शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरायला पैसे कुठून आणणार आणि नाही मिळाले तर सभागृहात स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलाल का? आणि खुर्ची पोकळ निघाली, तर परांजप्यांसारखं सही करून सांगाल का?

तिन्हींना 'हो' म्हणणारा दहावी नापास भेटला, तर माझं मत त्याला. पण कायद्याचा आणखी एक विनोद सांगतो. तो उमेदवार या निवडणुकीत मत देऊ शकणार नाही. पदवी नाही ना.

पटलं तर शेअर करा, परवानगी नको. नाही पटलं तर खाली भांडा. मात्र "शिकलेली माणसं राजकारणात यायला हवीत" एवढंच लिहिणार असाल तर थांबा. आले होते. तेव्हा त्यांच्यामागे कुणी उभं नव्हतं. आज पानशेतच्या वर वाडीतल्या त्या मुलीमागे कोण उभं आहे, ते लिहा.