मशीन बसलं, आता पुढं?

वडगावच्या पेठेत एखाद्या पोराच्या कानामागं कॉक्लिअर इम्प्लांटच्या मशीनचं ते गोल बटण दिसलं की लोक म्हणतात, "ऑपरेशन झालंय न्हवं, आता येत असंल ऐकायला." बऱ्याच आईबापांचीही समजूत तीच असते. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत मूल मोजतं.

आतल्या कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. त्यांचं काम करायला आत सरकवलेल्या तारेवर इलेक्ट्रोड जेमतेम 22. मेंदूकडं पोचतो तो आवाजाचा कच्चा खर्डा. बोलता येत असताना बहिरे झालेले आजोबा तो जुन्या आठवणीवर वाचतात. सुरुवातीला सगळं यंत्रासारखं वाटतं, मग काही महिन्यांत सुनेचा आवाज सुनेचा वाटू लागतो. जन्मापासून बहिऱ्या मुलाकडं अशी आठवणच नसते. शिवाय आवाज न मिळालेला मेंदूचा भाग रिकामा बसत नाही, नजर आणि स्पर्श तिथं हातपाय पसरू लागतात. संशोधक अनु शर्मा यांनी 2002 मध्ये दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत मशीन बसलेल्या मुलांचा मेंदू आवाजाला लवकरच वयाला साजेसा प्रतिसाद देतो. सात वर्षांनंतर बसवलं तर हे सहसा घडत नाही. म्हणून घाई हवीच. ओएई या ऐकण्याच्या प्राथमिक चाचणीत शंका आली की बेरा ही पुढची चाचणी लांबवू नये.

पण याच शोधावरून काहीजण म्हणतात, मुलाला खुणांची भाषा शिकवू नका, नजर कानाची जागा खाईल. हे पटण्यासारखं नाही. जागा जाते ती ऐकणं नसल्यानं, खुणांमुळं जाते असं सिद्ध झालेलं नाही. 2014 साली अमेरिकेत बहिऱ्या आईबापांची, घरी खुणांनीच बोलणारी, लवकर मशीन बसलेली पाच मुलं तपासली. इंग्रजीत ती ऐकू येणाऱ्या, तशाच घरांतल्या मुलांच्या बरोबरीची निघाली. पाच म्हणजे थोडीच, पण भीती घालणाऱ्यांनी निदान एवढा तरी पुरावा आणावा. मशीन चालू होईपर्यंत मूल भाषेवाचून ठेवायचं, हा कुठला न्याय?

खरं काम ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीच्या खोलीत चालतं. थेरपिस्ट तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स म्हणते. मूल ठोकळा कानाशी धरून बसतं. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. 'आ'ला ठोकळा पडतो, 'स'ला हात तसाच. मग मशीनचं मॅपिंग, म्हणजे आवाजाची जुळणी, बदलायचं, पुन्हा बसायचं. हे वर्षानुवर्षं. अशा खोलीचा फोटो पेपरात येत नाही, येतो तो ऑपरेशनच्या चेकचा.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेमुळं गरिबाच्या मुलालाही मशीन मिळतं, हे मोठंच काम आहे. पण थेरपीसाठी वडगावच्या बाईला कोल्हापूर गाठावं लागत असेल, तर प्रत्येक खेपेला तिचा रोज बुडतो. दोन-चार महिन्यांनी खेपा थांबतात, आणि शेजारीपाजारी म्हणतात, मशीन काही लागू पडलं नाही. एस.टी.चं भाडं, बुडालेला रोज आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस थेरपिस्ट, एवढा खर्च मशीनच्या किमतीतच धरायला हवा.